तळहाताएवढ्या जागेवरची गाडी

अंबरनाथच्या एमआयडीसीत सिएटचा कारखाना आहे. तिथे तयार होतात ते शेतीच्या आणि इतर अवजड यंत्रांचे टायर. ट्रॅक्टरच्या टायरला उंच, जाड रबरी दाते असतात, कारण मातीत रुतल्याशिवाय तो ओढणार कसा? जवळच्याच काटई-बदलापूर पाइपलाइन रस्त्यावरून जाणाऱ्या एखाद्या स्पोर्ट्‌स कारच्या टायरवर मात्र उलटाच प्रकार दिसतो. रबर रुंद आणि सपाट, खाचा मोजक्याच. डांबरावर पकड हवी तर रबर जास्तीत जास्त टेकलं पाहिजे. खाचा ठेवायच्या त्या पाण्याला वाट म्हणून.

टेकून टेकून ते टेकतं किती? एका चाकाखाली साधारण तळहाताएवढं. दीड टनाची गाडी, तीनशे अश्वशक्तीचं इंजिन, भारी ब्रेक, या सगळ्यांची भिस्त अशा चार तुकड्यांवर असते. शिवाय ब्रेक, वळण आणि वेग या तिघांना पकड वाटून घ्यावी लागते. वळणात ब्रेक करकचून दाबला की पुढच्या टायरकडे वळायला काही उरत नाही आणि स्टीअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाते. घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडला, तर वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जाऊ शकतो.

उल्हासनगर ते बदलापूर पट्ट्यातला पाऊस ही पकड आणखी कमी करतो. पहिल्या सरीत धूळ आणि सांडलेलं ऑइल मिसळून रस्ता निसरडा होतो. पुढे पाणी साचलं की टायर चक्क तरंगतो. नासाने विमानांच्या टायरसाठी काढलेलं सूत्र ३२ पीएसआय हवेच्या टायरला लावलं, तर टायर तरंगू लागण्याचा वेग ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास येतो. टायर गोटा झालेला असेल तर त्याच्या बराच आधी! आणि रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणून कोरड्यात तेज असलेली गाडी पावसात जास्त जपून चालवावी लागते.

टायरने साथ सोडली तर काय होतं, ते जगाने १९ जून २००५ रोजी इंडियानापोलिसच्या फॉर्म्युला वन शर्यतीत पाहिलं. सरावात एका बाजूला कललेल्या वेगवान वळणावर राल्फ शूमाकरच्या गाडीचा मिशेलिन टायर निकामी झाला आणि गाडी भिंतीवर आदळली. त्या वळणावरचा भार आपले टायर पूर्ण शर्यतभर पेलतील, याची खात्री कंपनी देईना. अखेर मिशेलिन टायरवरच्या चौदा गाड्या सुरुवातीआधीच पिटमध्ये परतल्या. उरलेल्या सहांत ब्रिजस्टोन टायरवरची जॉर्डन चालवणारा नारायण कार्तिकेयन होता. तो चौथा आला आणि फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा पहिला भारतीय ठरला.

मग पकड जितकी जास्त तितकी मजा जास्त? तसंही नाही. २०१२ साली आलेल्या टोयोटा जीटी ८६ ला कंपनीने मुद्दाम अरुंद, साधे टायर दिले. बेताच्या वेगातही गाडी हळूहळू सरकू लागते, स्टीअरिंग हातात हलकं होतं आणि चालवणाऱ्याला सावरायला वेळ मिळतो. अतिचिकट टायर बराच वेळ काहीच जाणवू देत नाही. सुटतो तेव्हा वेग खूप वाढलेला असतो. इशारा देऊन सुटणारा टायर सुरक्षितही आणि आनंदाचाही, हे गाडी घेणाऱ्यांनी अश्वशक्तीच्या आकड्याआधी पाहावं.

अर्थात पकडीची ही हद्द शोधायची जागा नेवाळी नाक्याचा पाइपलाइन रस्ता नव्हे. तिथे रिक्षा आहेत, पायी चालणारी माणसं आहेत. त्यासाठी कोल्हापूरला मोहितेंचा कार्टिंग ट्रॅक आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाईचा रेसिंग ट्रॅक आहे. रस्त्यावर उतरण्याआधी टायर थंड असताना हवा तपासावी. खाचांमधल्या १.६ मिलिमीटरच्या खुणेपर्यंत रबर झिजलं असेल तर टायर बदलावा. बाजूवरचे चार आकडेही वाचावेत: ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुनं रबर कडक होतं आणि पकड सोडतं.