मत्स्यबीज घेताना वाणाची चौकशी करा

तलावाचा ठेका घेणारे, शेततळ्यात मासे वाढविणारे आणि मत्स्यबीजाचा व्यापार करणारे आपले बांधव जाळी, बर्फ, मजुरी व वाहतूक यांचा हिशेब पैपैने ठेवतात. बीज घेताना मात्र बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारला जातो : हजारी भाव काय? थोडे स्वस्त मिळाले की सौदा झाला. पुढे मासे किलोभराचे होण्याऐवजी पाव-अर्ध्या किलोवरच अडतात, तेव्हा दोष पाण्याला, खाद्याला किंवा नशिबाला दिला जातो. पुष्कळदा तो दोष बीजाच्या वाणात असतो. वाण बिघडला की नुकसान एका हंगामापुरते राहत नाही, म्हणून ही बाब समजून घेणे जरूर आहे.

पूर्वी बीज नदीतून येई

कटला, रोहू व मृगळ हे मूळचे उत्तर भारतातील नद्यांचे मासे. महाराष्ट्रातील धरणांत व तलावांत ते माणसाने आणून सोडले. तळ्याच्या साचलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालीत नाहीत. पावसाळ्यात नदीला पूर आला म्हणजे घालतात. त्यामुळे पूर्वी पुराच्या पाण्यात जाळी लावून बीज गोळा करीत. त्यात नको त्या जातींची भेसळ असे आणि वेळेवर माल मिळण्याची खात्री नसे.

ही अडचण १० जुलै १९५७ रोजी दूर झाली. ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी डॉ. के. एच. अलिकुन्ही यांच्या सहकार्याने माशांना पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन त्यांच्याकडून अंडी घालवून घेतली. आज १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिवस म्हणून पाळला जातो, तो याच कारणाने. या शोधामुळे बीज कारखान्यातील मालाप्रमाणे हवे तेव्हा मिळू लागले.

सोय झाली, पण दोष शिरला

मोठी मादी एका वेळी लाखो अंडी देते. म्हणजे मोजक्या जोड्यांवरही बीज केंद्राची मागणी भागते. धोका येथेच आहे. त्याच जोड्यांची पिल्ले पुढे प्रजनक म्हणून ठेवली जातात, त्यांची पिल्ले पुन्हा त्याच कामी येतात आणि सारे केंद्र एका घरातील भावंडांचे होऊन बसते.

याचा हिशेब व्यापाऱ्याला सहज करता येईल असा आहे. नर व माद्या समसमान असतील तर एकूण प्रजनकांची दुप्पट करावी आणि १०० ला त्या संख्येने भागावे. येईल तितके टक्के रक्तजवळीक दर पिढीला वाढते. ५ नर व ५ माद्या असतील तर ती ५ टक्के होते; ५० नर व ५० माद्या असतील तर केवळ अर्धा टक्का. नर कमी ठेवले तर आणखी नुकसान होते. २ नर व २० माद्या हे मोजायला २२ मासे असले, तरी वाणाच्या दृष्टीने ते सुमारे ७ माशांइतकेच ठरतात. दर पिढीला ५ टक्के वाढ होत राहिली तर पाचव्या पिढीला ही जवळीक सख्ख्या भावंडांच्या संकराच्या जवळ जाते. मग वाढ मंदावते, फलित अंडी कमी होतात, पिल्लांत व्यंग दिसते आणि मरतूक वाढते.

दुसरा दोष आपल्या सवयीचा आहे. मोठा व जोमदार मासा चांगल्या भावाने बाजारात जातो, मागे राहिलेला माल प्रजनक म्हणून वापरला जातो. याचा अर्थ, दरवर्षी आपण हाताने चांगला वाण विकतो आणि हलका वाण राखतो. अंबेकर एकनाथ व रॉजर डॉइल या शास्त्रज्ञांनी कर्नाटकातील बीज केंद्रांचा अभ्यास करून १९८५ व १९९० साली ही उलटी निवड आणि वाढती रक्तजवळीक दाखवून दिली होती. तिसरा दोष म्हणजे एकाच कुंडात कटला, रोहू व मृगळ एकत्र सोडणे. त्यातून मिश्र पिल्ले निपजतात. ती वांझ नसतात, त्यामुळे पुढे प्रजनकांत मिसळून मूळ वाणच नासवितात.

मूळ भांडवल नदीत आहे

वाण सुधारताही येतो, पण त्यासाठी मूळ साठा शिल्लक हवा. भुवनेश्वरजवळील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने नॉर्वेच्या शास्त्रज्ञांसह १९९२ साली रोहूच्या निवड पैदाशीचे काम हाती घेतले. गंगा, यमुना, गोमती, सतलज व ब्रह्मपुत्रा या नद्यांतील रोहू आणून तळ्यांतील रोहूशी त्यांची सांगड घातली. त्यातून १९९७ साली 'जयंती रोहू' बाहेर पडला. त्याची वाढ दर पिढीला सरासरी १७ टक्क्यांच्या आसपास सुधारत गेली. १९८८ साली फिलिपाइन्समध्ये सुरू झालेल्या सुधारित तिलापियाच्या कामातही इजिप्त, घाना, केनिया व सेनेगल येथील रानटी मासे वापरले गेले. नद्यांतील साठा संपला असता तर हे मासे कोठून आणले असते?

चुकीचे बीज चुकीच्या नदीत गेले तर काय होते, याचेही उदाहरण आपल्या जवळचे आहे. लोणावळ्याच्या केंद्रात दख्खनी महसीरची पैदास झाली आणि चांगल्या हेतूने ती पिल्ले दक्षिणेतील कावेरीतही सोडण्यात आली. तेथे या पाहुण्या माशाने बस्तान बसविले, आणि कावेरीचा स्वतःचा कुबडी महसीर २०१८ साली अतिसंकटग्रस्त ठरला.

समुद्राचेही तसेच आहे. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली पापलेटला राज्य मासा जाहीर केले आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरविला. पापलेटसाठी तो १३५ मिलिमीटर आहे. अंडी न घातलेले पिल्लू विकणे म्हणजे मुद्दल मोडून खाणे होय. जाळी विणणाऱ्या कारागिरांनीही ध्यानात ठेवावे की जाळ्याचा आस जितका बारीक, तितकी अशी पिल्ले अधिक सापडतात.

व्यापाऱ्यांनी काय करावे?

१) बीज घेण्यापूर्वी प्रजनक कोठून आणले व किती जोड्या वापरल्या, हे विचारावे. उत्तर टाळणाऱ्याकडून माल घेऊ नये.

२) स्वतःचे केंद्र असल्यास दर दोन-तीन वर्षांनी दूरच्या व खात्रीच्या केंद्राशी नरांची अदलाबदल करावी. माशांचे वीर्य द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानात गोठवून ठेवता येते. या कामाची माहिती लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन केंद्राकडे मिळते.

३) प्रत्येक जातीसाठी वेगळे कुंड वापरावे आणि प्रजनकांची नोंदवही ठेवावी.

४) उरलेले बीज नदीत किंवा ओढ्यात सोडू नये. बंदी असलेला थाई मांगूर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. तो स्थानिक मासे फस्त करतो आणि पकडला गेल्यास सारा साठा नष्ट केला जातो.

५) दहा मासे बाजारात जात असतील तर सर्वांत जोमदार दोन प्रजनक म्हणून राखावेत. आज त्यांचे पैसे हाती येणार नाहीत, पण पुढील हंगामाचे बीज त्यांच्याच पोटी आहे.