वाचायचंय बटण, मग पिनवर आधी '१' का लिहायचा? समजून घ्या ८०५१ च्या पोर्टचं गणित

इलेक्ट्रॉनिक्समध्ये डिप्लोमा केलेल्या कुणालाही विचारा, मायक्रोकंट्रोलरच्या प्रॅक्टिकलला सुरुवातीला काय केलं? उत्तर बहुधा हेच येईल : आधी एलईडी चालू-बंद केला, मग बटण दाबल्यावर एलईडी लावला.

पहिला प्रोग्रॅम पटकन जमतो. दुसऱ्यात मात्र एक ओळ असते, जी जर्नलमध्ये उतरवली जाते आणि तिथेच राहते. बटण वाचण्याआधी त्या पिनवर '१' लिहायचा. आता वाचायचंच आहे, तर लिहायचं कशाला? या एका प्रश्नात पोर्ट कसा चालतो ते सगळं आलं.

आधी ८०५१ ची ओळख

इंटेलने १९८० मध्ये ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर बाजारात आणला. एकाच चिपमध्ये प्रोसेसर, ४ किलोबाइट प्रोग्रॅम मेमरी, १२८ बाइट रॅम आणि २ टायमर. इंटेलने तो बनवणं कधीच थांबवलं, पण इतर कंपन्या त्याच रचनेच्या चिप्स आजही बनवतात आणि आपल्याकडे तो अजून शिकवलाही जातो.

या चिपला ४० पिन्स असतात. त्यातल्या ३२ पिन्स बाहेरच्या जगाशी बोलायला. त्यांचे ४ गट, म्हणजेच ४ पोर्ट : पी०, पी१, पी२ आणि पी३. प्रत्येकात ८ पिन्स.

प्रोग्रॅमच्या नजरेत पोर्ट म्हणजे फक्त एक पत्ता. पी१ चा पत्ता हेक्समध्ये ९०. तिथे एखादा आकडा लिहिला, की ८ पिन्सवरचं व्होल्टेज त्याप्रमाणे बदलतं. '१' म्हणजे ५ व्होल्टच्या आसपास, '०' म्हणजे जवळपास शून्य.

असेंब्लीत हे असं लिहितात (टाइप करताना इंग्रजी अक्षरं वापरतात, इथे उच्चार दिलेत) :

सेटबी पी१.० → पी१ ची पहिली पिन १ करा
सीएलआर पी१.० → तीच पिन ० करा
सीपीएल पी१.० → जे असेल त्याच्या उलट करा
मूव्ह पी१, #५५एच → एक सोडून एक पिन १ करा

पिनच्या आत काय चालतं?

प्रत्येक पिनमागे ३ गोष्टी असतात. लॅच, म्हणजे आपण लिहिलेला ० किंवा १ लक्षात ठेवणारा भाग. पिनला ग्राउंडकडे खेचणारा एक ट्रान्झिस्टर. आणि पिनला हलकेच ५ व्होल्टकडे ओढून धरणारा पुल-अप.

एक दार डोळ्यासमोर आणा. हलकी स्प्रिंग त्याला उघडं ठेवते. ही स्प्रिंग म्हणजे पुल-अप. '०' लिहिला, की आतला माणूस दार घट्ट बंद करून धरतो. '१' लिहिला, की तो हात सोडतो आणि स्प्रिंगमुळे दार उघडतं.

म्हणजे ८०५१ मध्ये '१' लिहिणं याचा खरा अर्थ आहे, पिन मोकळी सोडणं.

बटण साधारणपणे पिन आणि ग्राउंडच्या मध्ये जोडतात. दाबलं की पिन ० होते, सोडलं की पुल-अपमुळे पुन्हा १. पण लॅचमध्ये आधीच ० असेल तर? आतल्या माणसाने दार धरूनच ठेवलंय, बाहेरून कुणी ढकललं काय आणि नाही ढकललं काय, सारखंच. प्रोग्रॅमला बटण कायम दाबलेलं दिसणार.

मग ती ओळ न लिहिताही प्रोग्रॅम चालतो तो कसा?

कारण चिप रीसेट झाली की चारही पोर्टच्या लॅचमध्ये सगळीकडे १ येतो. त्यामुळे लहान प्रोग्रॅममध्ये ती ओळ विसरली तरी काही बिघडत नाही. तीच पिन आधी कुठे आउटपुट म्हणून वापरून ० केलेली असेल, तेव्हा मात्र घोळ होतो.

धोका फक्त चुकीच्या उत्तराचा नाही. लॅचमध्ये ० असताना बाहेरच्या सर्किटने ती पिन थेट ५ व्होल्टला जोडली, तर सगळा करंट आतल्या ट्रान्झिस्टरमधून जातो आणि पिन जळू शकते.

एलईडी उलटा का जोडतात?

याचं उत्तरही त्याच स्प्रिंगमध्ये आहे. पुल-अप इतका कमकुवत असतो, की पिन १ असताना तो जेमतेम काही मायक्रोअँपिअर करंट देतो. त्यावर एलईडी नीट लागत नाही. ट्रान्झिस्टर मात्र ताकदवान. कॉलेजात दिसणाऱ्या एटी८९सी५१ चिपची एक पिन ० असताना १० मिलीअँपिअरपर्यंत करंट आत घेऊ शकते. म्हणून एलईडी ५ व्होल्ट आणि पिनच्या मध्ये, साधारण ४७० ओहमचा रेझिस्टर लावून जोडतात. पिन ० झाली की एलईडी लागतो.

आता दुसरा प्रोग्रॅम बघा. बटण पी१.० वर, एलईडी पी२.० वर :

सेटबी पी१.० → पिन मोकळी सोडा
पुन्हा: मूव्ह सी, पी१.० → बटण वाचा
मूव्ह पी२.०, सी → तेच एलईडीला द्या
एसजेएमपी पुन्हा → परत वर जा

बटण दाबलं की ०, आणि ० वर एलईडी लागतो. उलटं करायची गरजच नाही.

पी० चा वेगळा हिशोब

पी० ला आतून पुल-अप नसतो. म्हणजे दाराला स्प्रिंगच नाही. हात सोडला तर दार कुठेही अधांतरी राहणार. म्हणून तिथे बाहेरून रेझिस्टर लावावे लागतात, बहुधा १० किलोओहमचे. पी१ वर चाललेला प्रोग्रॅम पी० वर अडला, तर कोडआधी हे रेझिस्टर तपासा.

आर्डुइनोच्या काळात हे का शिकायचं?

आर्डुइनोत पिन इनपुट की आउटपुट, हे एका ओळीत सांगता येतं आणि पुल-अपही त्याच ओळीत चालू होतो. सोपं आहे, पण ट्रान्झिस्टर, पुल-अप आणि करंटची मर्यादा तिथेही असतेच, फक्त दिसत नाही. सर्किट चालेनासं झालं की चूक कोडमध्ये आहे की जोडणीत, हे ओळखायला पिनच्या आत काय होतं ते माहीत असावं लागतं. असेंब्लीतली ती एक ओळ नेमकं तेच शिकवते.