गळ टाकण्याआधी: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

मराठवाड्याला समुद्र नाही. गळाचा शौक मात्र भरपूर आहे. नांदेडला विष्णुपुरीच्या शंकर सागर जलाशयाच्या काठावर, गोदावरीच्या वळणांवर, लातूरकडे मांजरा धरणाच्या फुगवट्यावर सुट्टीच्या दिवशी काठ्या रोवून बसलेली माणसे हमखास दिसतात. बांबूच्या काठीच्या जोडीला आता रीळ लावलेला फायबरचा रॉड आणि मोबाइलवरचे व्हिडिओ आले. साधने बदलली, समजुती जुन्याच राहिल्या. त्यांतल्या बहुतेक एकाच प्रश्नावर उभ्या असतात: एका गळाने असे काय बिघडते? कधी काहीच नाही, कधी पुष्कळ. तो कुठे, केव्हा आणि कोणत्या माशासाठी पडला, त्यावर हे ठरते.

गैरसमज: पाणी सार्वजनिक, म्हणून मासेही सगळ्यांचे.

धरणाचे पाणी सरकारचे असले तरी त्यातल्या मासेमारीचा हक्क बहुतेक ठिकाणी ठेक्याने दिलेला असतो, आणि तो घेणाऱ्यांत स्थानिक मच्छीमारांच्या सहकारी संस्था मोठ्या संख्येने आहेत. रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली पाण्यात सोडायची, ती वाढेपर्यंत थांबायचे आणि मग जाळे टाकायचे, असा हा व्यवसाय आहे. मराठवाड्यात भोई समाजाची कित्येक घरे त्यावर चालतात. हौशी माणसाने ओढलेला तीन किलोंचा कटला हा अनेकदा कुणीतरी पैसे मोजून सोडलेला आणि दोन वर्षे राखलेला मासा असतो. म्हणून आधी संस्थेला विचारायचे. संस्था कोणती हे कळत नसेल, तर मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करायची.

गैरसमज: अभयारण्यात बंदी शिकारीला, मासे त्यात मोडत नाहीत.

नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या सीमेवर पैनगंगा अभयारण्य आहे. वर पैठणला नाथसागराचा परिसर १९८६ पासून जायकवाडी पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर आहे. दोन्ही ठिकाणी पाणी मोठे, मासा भरपूर आणि मोह तेवढाच.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २००२ च्या दुरुस्तीनंतर त्यातल्या ‘प्राणी’ या व्याख्येत मासे स्पष्टपणे आले, त्यांची पिल्ले आणि अंडीही आली. त्याच कायद्यात ‘शस्त्र’ म्हणजे काय याची यादी आहे. बंदूक, धनुष्यबाण, सुरी यांच्याच ओळीत तिथे गळ आणि जाळेही आहे. अशी वस्तू घेऊन अभयारण्यात शिरायला आधी लेखी परवानगी लागते. ‘अजून एकही मासा लागला नव्हता’ हा बचाव त्यामुळे फारसा कामाचा नाही.

कोकणात सहलीला गेल्यावर हाच प्रश्न समुद्रकाठी उभा राहतो. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे मालवण सागरी अभयारण्य १३ एप्रिल १९८७ रोजी जाहीर झाले. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यात गाभा क्षेत्र ३.१८ चौरस किलोमीटर. होड्या ये-जा करताना दिसतात, म्हणून पर्यटकाला वाटते की सगळे खुले आहे. समुद्राचा भाग अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या उपजीविकेचे हित जपावे, असे कायदा सांगतो. ती तरतूद पोटासाठी समुद्रावर जाणाऱ्यांसाठी आहे. सुट्टीत खडकावर उभे राहून गळ टाकणारा पाहुणा तिच्यात आपोआप बसत नाही. त्याने वनविभागाकडे हद्द आणि परवानगी विचारून घ्यावी.

गैरसमज: पावसाळी बंदी समुद्राची, नदीत तर पावसाळाच हंगाम.

राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंद असते. गोदावरी-मांजरेतल्या अनेक माशांचा विणीचा काळही पावसाळाच आहे. पहिला पूर आला की रोहू-मृगळासारखे मासे प्रवाहाविरुद्ध वर चढू लागतात. चढणीचे मासे म्हणतात ते हेच. या दिवसांत माद्यांची पोटे अंड्यांनी भरलेली असतात. रोहूच्या एका मादीत लाखांनी अंडी असतात.

बंधारा आडवा आला की हे मासे भिंतीखाली अडकून गर्दी करतात आणि तिथे काठावर माणसांचीही गर्दी होते. एरवी दिवसभरात न मिळणारा मासा तासाभरात मिळतो. मासे वाढलेत असे वाटते. प्रत्यक्षात वाट अडल्याने ते एका जागी साचलेले असतात. शिवाय दरवाजे उघडले की पाणी क्षणात वाढते, तेव्हा ही जागा माणसालाही धोक्याची.

धर्माबाद तालुक्यातल्या बाभळी बंधाऱ्याचे उदाहरण इथे पाहण्यासारखे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालानुसार त्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर वर उचललेले ठेवावे लागतात. हा निर्णय दोन राज्यांतल्या पाणीवाटपाचा आहे, माशांसाठी घेतलेला नाही. तरी नदी मोकळी वाहण्याचे ते चार महिने नेमके माशांच्या चढण्या-विण्याचे आहेत. निदान तेवढ्या काळात बंधाऱ्यांच्या तोंडाशी गळ टाकू नये.

गैरसमज: उन्हाळ्यात डोह आटला की मासे मरणारच, मग पकडलेले काय वाईट?

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वर्षी धरणाचा तळ उघडा पडतो आणि मासे उरलेल्या डबक्यांत कोंडले जातात. काही मरतात, हे खरे. पण नदीतले खोल डोह सहसा पूर्ण आटत नाहीत, आणि तिथे तगलेले मासेच पुढच्या पावसाळ्यात वीण घालतात. उन्हाळ्याच्या शेवटी डोह उपसला, तर पुढच्या वर्षीचे बियाणेच संपते.

डोह राखण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या वाळणकोंडीत देवीचे मासे म्हणून महाशीर पकडत नाहीत. मोठे मासे तिथे आजही काठाशी येतात.

गैरसमज: पकडून सोडला की मासा वाचलाच.

सोडलेला मासा पोहत गेला म्हणजे जगला असे नाही. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर जंतूंपासून त्याचे रक्षण करतो. कोरड्या हाताने किंवा फडक्याने धरले की तो निघून जातो. फोटोसाठी हवेत धरलेल्या माशाचा श्वास कोंडतो. त्यात इथला उन्हाळा. २० अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशाला साडेसातच. झुंजून दमलेल्या माशाला नेमका तोच कमी पडतो. मे महिन्याच्या दुपारी ‘नुसता खेळ’ म्हणून गळ टाकला, तरी मासे दगावतात.

हात ओले करावेत, मासा शक्यतो पाण्यातच ठेवून सोडवावा, काटा नसलेला गळ वापरावा. गळ घशात गेला असेल, तर ओढाताण न करता दोरा जवळून कापावा.

गैरसमज: नदीत मासे सोडणे हे पुण्यच.

कोणता मासा, हे पाहायला हवे. चिलापी मूळची आफ्रिकेतली; १९५२ मध्ये ती भारतात आणली गेली. मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते, त्यामुळे तिची प्रजा झपाट्याने वाढते आणि स्थानिक माशांच्या खाण्यावर व जागेवर डल्ला मारते. थाई मांगूर तर मांसाहारी आणि अधाशी. त्याच्या पालनावर देशात बंदी आहे. घरच्या काचपेटीतले मासे कंटाळा आला म्हणून नदीत सोडणे हेही याच जातीचे काम. गळाला चिलापी लागली, तर ती परत न सोडता घरी नेलेली बरी.

गैरसमज: नुकसान करतात ते सुरुंगवाले आणि विष टाकणारे.

करतात, आणि सर्वांत जास्त करतात. सुरुंग व विष वापरून मासे मारणे १८९७ च्या कायद्यापासूनच गुन्हा आहे. पाण्यात विजेची तार सोडण्याचा प्रकारही तितकाच घातक. त्यात माणसेही दगावतात. पण हौशी मंडळीही मागे काहीतरी ठेवून जातात: तुटलेला नायलॉनचा दोरा. तो कुजत नाही. बगळे, पाणकावळे त्यात पाय अडकून मरतात.

आमिषाला कासवेही लागतात. गोदावरीच्या खोऱ्यात लीथचे मऊ पाठीचे कासव आढळते. ते फक्त द्वीपकल्पीय भारतातल्या नद्यांत सापडते आणि जगातल्या अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे. कासव गळाला लागले, तर दोऱ्याने उचलू नये. जाळीने किंवा दोन्ही हातांनी पाठीच्या मागच्या बाजूला धरून ते काठावर घ्यावे. गळ ओठात दिसत असेल तर पकडीने काढून त्याला लगेच पाण्यात सोडावे. आत गेला असेल तर वनविभागाला कळवावे. विभागाचा १९२६ हा क्रमांक मोबाइलमध्ये आधीच घालून ठेवलेला बरा.