आयटीतली नोकरी सांभाळून गाणी बनवताय? आधी नेमणूकपत्र वाचा, मग लॅपटॉप उघडा

हिंजवडी (ता. मुळशी) : जत्रेत, वरातीत वाजणारा मिक्स बनवायला आता मोठा स्टुडिओ लागत नाही. हिंजवडीत खोली करून राहणारा, दिवसा आयटी पार्कात काम करणारा गावचा पोरगाही रात्री लॅपटॉपवर तो बनवू शकतो. वाद्यांचे आवाज रेकॉर्ड करायचे किंवा कॉम्प्युटरवरच तयार करायचे, ते तालात बसवायचे आणि अख्खं गाणं एकट्याने उभं करायचं. यालाच इलेक्ट्रॉनिक म्युझिक प्रॉडक्शन म्हणतात. २०१७ मध्ये 'उड गये' या गाण्याने देशभर पोचलेला रित्विझ पुण्यातच वाढला.

घरचे म्हणतात, नोकरी सोडू नको. पोराला वाटतं, गाणं सुटू नये. दोन्ही एकत्र जमतं. पण गाण्यापायी नोकरी जाऊ नये आणि रात्री जागून केलेलं गाणं दुसऱ्याच्या खात्यात जाऊ नये, यासाठी पुढच्या गोष्टी माहीत हव्यात.

कंपनीचा कागद काय सांगतो?

नोकरीशिवाय दुसरं कमाईचं काम करण्याला आयटीत 'मूनलायटिंग' म्हणतात. सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी जाहीर केलं, की प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठीही काम करताना सापडलेल्या ३०० कर्मचाऱ्यांना काढून टाकलंय. त्याच महिन्यात इन्फोसिसने कर्मचाऱ्यांना इशारा दिला. पण ऑक्टोबरमध्ये त्यांनीच सांगितलं, की वरिष्ठांची परवानगी घेऊन, कंपनीच्या धंद्याशी टक्कर नसलेलं बाहेरचं काम करता येईल. या दोन्ही कंपन्यांची मोठी कार्यालयं हिंजवडीत आहेत.

गाणं बनवणं म्हणजे काही प्रतिस्पर्धी कंपनीत काम करणं नव्हे. पण त्यातून पैसे येऊ लागले की काही नेमणूकपत्रांतल्या अटी त्यालाही लागू होतात. म्हणून नेमणूकपत्रातला 'बाहेरचं काम' हा मुद्दा वाचा आणि एचआरला ई-मेल करून परवानगी मागा. तोंडी 'चालतंय की' यावर विसंबू नका. उत्तर आलं की जपून ठेवा.

दुसरी अट मालकीची. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा मालक, वेगळा करार नसेल तर, मालक कंपनीच असते. सुट्टीच्या वेळात, स्वतःच्या खोलीत केलेलं गाणं त्यात येत नाही. मात्र ते कंपनीच्या लॅपटॉपवर, ऑफिसच्या वेळात केलं, तर वादाला जागा होते. जुना का होईना, स्वतःचा लॅपटॉप घ्या. कंपनीच्या लॅपटॉपवर क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकणं तर सरळ नोकरीवर बेतणारं आहे. एलएमएमएस आणि बँडलॅब फुकट मिळतात. बँडलॅब मोबाइलवरही चालतं. एफएल स्टुडिओ विकत घ्यावं लागतं, पण एकदा पैसे भरले की पुढचे अपडेट फुकट असतात.

आवाज कोणाचा वापरताय?

लग्नाच्या वरातीत गाणं वाजवायला कायद्यात सूट आहे. त्यामुळे अनेकांना वाटतं, की सिनेमातलं गाणं घेऊन मिक्स केला तरी चालतो. वरातीत वाजवणं वेगळं आणि त्याच गाण्याचा मिक्स बनवून यूट्यूबवर टाकणं वेगळं. त्याला मूळ मालकाची परवानगी लागते. नसेल तर यूट्यूबची यंत्रणा गाणं ओळखते. मग व्हिडिओ बंद होतो, किंवा जाहिरातीचे पैसे मूळ मालकाला जातात. मेहनत तुमची, कमाई त्यांची!

यावर चांगला उपाय गावातच आहे. शनिवार-रविवारी गावी गेलात की हलगी, संबळ, टाळ, बैलांच्या घुंगरमाळा मोबाइलवर रेकॉर्ड करा. फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, वाऱ्याकडे पाठ करा आणि हलगीपासून चार-पाच पावलं लांब उभे राहा, नाहीतर आवाज फाटतो. जात्यावरच्या पारंपरिक ओवीवर कोणाची मालकी नसते, पण एखाद्या कंपनीने काढलेल्या तिच्या रेकॉर्डिंगवर असते. म्हणून ओवी आजीकडूनच म्हणवून घ्या.

हलगीवाल्या काकांनाही हक्क आहे. वादकाचा हक्क कायदा ५० वर्षं मानतो. त्यांना विचारा, दोन ओळी लिहून सही घ्या, गाण्याखाली त्यांचं नाव द्या आणि ठरलेले पैसे द्या.

वेळ कुठून काढायचा?

नऊ तास ऑफिस, वर हिंजवडीचं ट्रॅफिक. रोज रात्री तीन तास बसायचं ठरवलं तर आठवड्याभरात दम निघतो. त्यापेक्षा कामाचे तुकडे पाडा. सोमवार ते शुक्रवार रोज एकच तास, आणि एका दिवशी एकच काम : आज फक्त ताल, उद्या फक्त बास. शनिवारी तुकडे जोडा. आवाजांची पातळी जुळवायचं काम, म्हणजे मिक्सिंग, रविवारी सकाळी करा. दिवसभर मीटिंगचा हेडफोन लावून थकलेल्या कानांना रात्री आवाजांची पातळी नीट कळत नाही.

बसने जात असाल तर अर्धवट गाणं मोबाइलवर ऐका आणि चुका लिहून ठेवा. गाडी चालवताना मात्र हेडफोन नको.

कान एकदा गेले की परत येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो, पण ९० डेसिबलचा फक्त ४ तास. आवाज कमी ठेवूनच काम करा.

पैशाचं काय?

यूट्यूबवर जाहिरातीतून कमाईसाठी १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहिलं जाणं लागतं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज. म्हणजे पहिली बरीच गाणी पगारावरच निघणार, हे धरून चला. जे पैसे येतील ते आयकर रिटर्नमध्ये दाखवा. कर्ज काढून महागडे स्पीकर घेऊ नका.

नोकरी सोडायचा विचार आलाच, तर आधी गाण्यांच्या कमाईचा वर्षभराचा हिशेब वहीत मांडा. खोलीभाडं, हप्ते आणि घरी पाठवायचे पैसे त्यातून सलग बारा महिने निघत असतील, तरच घरच्यांसमोर विषय काढा. तोवर पगार हाच तुमच्या गाण्याचा सगळ्यात भरवशाचा निर्माता आहे.