रश्शाला विचारायचे नसते

कोल्हापूरला आलेला पाहुणा अंबाबाईचे दर्शन घेतो, रंकाळ्यावर एक चक्कर मारतो आणि मग हळूच विचारतो, ‘तांबडा-पांढरा कुठे चांगला मिळेल?’ या प्रश्नाचे उत्तर देणे मोठे जोखमीचे. दहा कोल्हापूरकरांना विचारा, अकरा नावे निघतील. मोठ्या हॉटेलांची नावे रिक्षावालाही सांगतो. मी आज लिहितो आहे ते पेठेतल्या एका बोळातल्या घरगुती खानावळीविषयी. तिला पाटी नाही, नाव नाही. मालकिणीला अख्खी पेठ ‘वैनी’ म्हणते, आणि तेवढा पत्ता पुरतो.

१९८४ साली बँकेने माझी बदली इथे केली तेव्हा मी सडाफटिंग होतो. वैनींच्या सोप्यात दोन बाकडी होती, भिंतीला गुळाच्या पेढीचे कॅलेंडर. महिन्याचे मेंबर म्हणजे कॉलेजची पोरे, तालमीतले दोन-तीन पैलवान, शाहूपुरीतल्या गूळबाजारातले हमाल आणि आमच्यासारखे कारकून-अधिकारी. एरवी आमटी-भाकरी. बुधवार, शुक्रवार, रविवार मटण. सोमवार, गुरुवार, शनिवार कुणाचा ना कुणाचा उपास, त्यामुळे त्या दिवशी मांसाहाराचा विषयच नको.

रश्शाचे तंत्र सांगतो, कारण पुण्या-मुंबईच्या ‘कोल्हापुरी’ पाट्यांखाली जे लाल तेल मिळते त्याने आमची बदनामीच फार झाली आहे. हळद, मीठ, आले-लसूण लावून मटण हंड्यात शिजायला घालायचे. त्याचे जे पाणी निघते ते अळणी. बाळंतिणीला, आजाऱ्याला, लहान पोराला आधी ते. उरलेल्याचे दोन भाग. एकात ओल्या नारळाचे दूध, खसखस, तीळ, काजू यांचे वाटण, वर मिरी, लवंग, वेलदोडा. हा पांढरा. नारळाचे दूध पडल्यावर जाळ मोठा झाला की तो फुटतो, म्हणून पांढरा होईपर्यंत वैनी चुलीपुढून उठत नसत. दुसऱ्या भागात कांदा-लसणाची चटणी पडते. आमच्याकडे ‘चटणी’ म्हणजे वर्षाची करून ठेवलेली मसाल्याची बरणी, हे परगावच्या वाचकांनी ध्यानात घ्यावे. हा तांबडा. म्हणजे पाणी एकच, नावे तीन.

यातले अर्थशास्त्र मला पहिल्याच महिन्यात दिसले. ताटात मटणाचे मोजके तुकडे, ज्वारीची भाकरी, भात आणि रस्सा मात्र हवा तेवढा. मटण महाग, पाणी फुकट. थोड्या मटणात पुष्कळ माणसे जेवती करायची ही युक्ती. पांढरा रस्सा राजवाड्याच्या मुदपाकखान्यातून आला असे इथे अभिमानाने सांगतात. आला असेल. मला मात्र रश्शाचे खरे माहेर जत्रेत दिसते. एक बकरे, गावभर पाहुणे, आणि कुणाचेही ताट कोरडे राहता कामा नये. मित्रांची टोळकी नदीकाठी, माळावर चूल मांडून रस्सा करतात, त्यांनाही आम्ही ‘मटण मंडळ’ म्हणत नाही; ‘रस्सा मंडळ’ म्हणतो!

एकदा मी वैनींना म्हणालो, ‘तिसऱ्या वाटीला पैसे लावा.’ त्या म्हणाल्या, ‘सायेब, रश्शाला इचारायचं नसतंय. वाढायचं असतंय.’

आपल्या तांबड्याचे एक लांबचे भावंड मेक्सिकोत आहे, हे वाचून मला गंमत वाटली होती. तिथे पोझोले नावाचा रस्सा असतो. चुन्याच्या पाण्यात शिजवून सोललेले टपोरे मक्याचे दाणे आणि डुकराचे किंवा कोंबडीचे मांस. वाळल्या मिरचीचा घातला की तांबडा, न घातला की पांढरा. हिरवाही असतो. गरेरो प्रांतात तर गुरुवार हा पोझोलेचा वार. आपण गुरुवारी उपास करतो, ते रस्सा ओरपतात, एवढाच फरक. गल्लीबोळांत बायकांनी चालवलेल्या घरगुती खानावळी तिथेही आहेत, त्यांना ‘फोंदा’ म्हणतात. आणि मिरची तर तिकडचीच. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती आपल्या किनाऱ्याला लागली. त्याआधी आपले तिखट मिऱ्याचे. पांढऱ्या रश्शाचा घोट घेताना मला ते जुने तिखट आठवते. संकेश्वरी मिरची आपल्या सातबाऱ्यावर आधीपासूनच होती अशा थाटात आपण बोलतो, ते सोडा.

ही मिरचीच वैनींच्या धंद्यातली खरी अडचण. चटणी उन्हाळ्यात होते. मिरची, धणे, खोबरे, लसूण, तेल आणि डंकावरची कुटणावळ, सारा खर्च वर्षाचा एकदम. मेंबर पैसे देणार महिन्याने, तेही रखडत. म्हणून दर चैत्रात वैनी बँकेत येत आणि दोन पाटल्या गहाण ठेवत. सराफ वजन करी, मी सही करी. दिवाळीच्या आत पाटल्या सुटत. पुढच्या चैत्रात पुन्हा त्याच. (ग्राहकाची गोष्ट बाहेर सांगू नये हा बँकेचा नियम. वैनींनी ‘लिवा की’ म्हटले म्हणून लिहितो.) आठ वर्षे मी त्या पाटल्या हातात घेतल्या, पण वैनींच्या हातात क्वचितच पाहिल्या.

तारणाशिवाय कर्ज का नाही? गरिबांसाठी ४ टक्के व्याजाची योजना १९७२ पासून होती. पण वैनींच्या धंद्याचा कागदच नव्हता. चुलीचा परवाना कोण देणार? मुंबईत गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका अशाच सावकाराच्या दारात अडकल्या होत्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’त एकत्र केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे दार त्यांना उघडून दिले. एकेकटीला नसलेली पत गटाला मिळाली. कोल्हापुरातल्या आमच्या वैनी मात्र एकट्या होत्या.

२०१८ ला मी निवृत्त झालो आणि इथेच राहिलो. २०१९ च्या अखेरीस मटणाच्या दरावरून कोल्हापुरात आंदोलन झाले. बाहेरचे लोक हसले. वैनी हसल्या नाहीत. मग २०२० चा चैत्र आला. पाटल्या गहाण पडल्या होत्या, मिरचीची पोती माळ्यावर चढली होती आणि टाळेबंदी लागली. डंक बंद, कॉलेज बंद, पोरे गावाला, आणि व्याज तेवढे चालू. त्या दिवाळीला पाटल्या सुटल्या नाहीत. पुढच्या वर्षी त्या विकून वैनींनी खाते बंद केले. मला कळले ते नंतर, तेही सुनेकडून.

ही सून वाणिज्य शाखेची पदवीधर. तिने माळ्यावरची मिरची उतरवली, सासूच्या मापाने चटणी केली आणि किलोच्या पिशव्यांत भरून पुण्याला गेलेल्या जुन्या मेंबरांच्या घरी पाठवली. मुद्रा योजनेतून पन्नास हजारांच्या आतले ‘शिशु’ कर्ज काढले आणि मुदतीआधी फेडले. आता चटणी खानावळीला पोसते. तिने सोप्यात पाटी लावली आहे, ‘रस्सा दोन वाट्या. पुढे जादा आकार.’ वैनी आता अठ्ठ्याहत्तरच्या आहेत. त्या चुलीपुढे बसत नाहीत, दाराशी खुर्ची टाकून बसतात आणि कुणाची वाटी रिकामी दिसली की पाटीकडे पाठ करून हाक देतात, ‘अगं, वाढ की त्याला!’

‘काका, तुम्हीच सांगा आत्तींना,’ सून मला म्हणाली, ‘मटणाचा भाव बघा, गॅसचा बघा.’ मी बँकेचा माणूस. हिशेब तिचाच बरोबर आहे आणि मी तसे वैनींच्या समोर म्हटलेही. भावनेवर खानावळ चालत नाही. आजवर ती पाटल्यांवर चालली होती. वैनींनी ऐकून घेतले आणि माझ्या वाटीकडे बोट करून सुनेला म्हणाल्या, ‘आधी सायबाला पांढरा वाढ.’ ती तिसरी वाटी होती. सुनेने वाढली. पैसे देताना मी जादा आकार धरून दिले. तिने मोजून घेतले, आणि तेच मला आवडले.

मटण आता फक्त बुधवारी आणि रविवारी. सकाळी अकराच्या आत सांगून ठेवावे लागते, कारण हंडा माणसे मोजून चढतो. इतर वारी गेलात तर आमटी मिळेल. तीही वाईट नसते.