पेशीपटलावरील एक शर्करा आणि ‘बॉम्बे’ रक्तगट

रायगडच्या किनारपट्टीवरील अनेक तरुण अलिबागच्या जे. एस. एम. महाविद्यालयासारख्या, मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या संस्थांतून विज्ञानाची पदवी घेतात. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यास तेथे पेशीविज्ञान शिकावे लागते. पेशीपटल, गॉल्जी पिंड, विकरे ही नावे परीक्षेपुरती पाठ करावयाची, असा समज पुष्कळदा होतो. हा समज किती चुकीचा आहे, हे कोकणाशी निकटचा संबंध असलेल्या एका दुर्मिळ रक्तगटावरून ध्यानात येते.

१९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांना काही व्यक्तींचे रक्त नेहमीच्या चार गटांपैकी कोणत्याही गटाच्या रक्ताशी जुळत नसल्याचे आढळले. हा शोध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि शहराच्या नावावरून या गटास ‘बॉम्बे’ हे नाव मिळाले. मुंबई परिसरात सुमारे दहा हजारांत एक, तर युरोपात दहा लाखांत एक, असे त्याचे प्रमाण सांगितले जाते. आढळलेल्या अनेक व्यक्तींची मूळ गावे कोकणातील आहेत.

तांबड्या पेशीच्या पटलावर शर्करांच्या लहान साखळ्या असतात. पेशी घडत असताना गॉल्जी पिंडातील विकरे या साखळ्यांना एकेक शर्करा जोडीत जातात. प्रथम फ्यूकोज ही शर्करा जोडली जाते व ‘एच’ हा प्रतिजन तयार होतो. या ‘एच’वर आणखी एक विशिष्ट शर्करा बसली तर ‘ए’ गट, दुसरी बसली तर ‘बी’ आणि दोन्ही बसल्या तर ‘एबी’. काहीच न बसता ‘एच’ तसाच राहिला, की तो ‘ओ’ गट होय. बॉम्बे गटाच्या व्यक्तीत फ्यूकोज जोडणारे विकर कार्यक्षम नसते. पायाच घातला न गेल्याने त्यावर ‘ए’ अथवा ‘बी’ उभा राहू शकत नाही, मग त्यांची जनुके आईवडिलांकडून आलेली असली तरीही. अशी व्यक्ती एरवी पूर्णपणे निरोगी असते.

धोका उद्भवतो तो रक्त देण्याच्या वेळी. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत काचपट्टीवर रक्ताचे थेंब घेऊन ‘ए’विरोधी व ‘बी’विरोधी द्रव मिसळतात. गुठळ्या झाल्या नाहीत तर ‘ओ’ अशी नोंद होते. बॉम्बे गटाचे रक्तही नेमके असेच दिसते. परंतु या व्यक्तीच्या रक्तद्रवात ‘एच’विरुद्ध प्रतिद्रव्य असते आणि ‘ओ’ गटाच्या पेशींवर ‘एच’ सर्वांत अधिक असतो. सर्वांना चालणारे म्हणून ज्याची ख्याती, तेच ‘ओ’ रक्त येथे प्राणघातक ठरू शकते. रुग्णाच्या रक्तद्रवात ज्ञात ‘ओ’ पेशी मिसळून पाहिल्यास गुठळ्या होतात व चूक लगेच उघडकीस येते. ही उलट तपासणी आणि दात्याच्या रक्ताशी जुळणी रक्तपेढीत करावयाची असते. शाळेतील वा गावच्या शिबिरातील काचपट्टीवरून मिळालेले रक्तगटाचे कार्ड हे केवळ प्राथमिक नोंद समजावे.

सदोष जनुक आई व वडील या दोघांकडूनही आले तरच हा गट प्रकट होतो. म्हणून आते-मामे भावंडांसारख्या नात्यातील विवाहांत त्याची शक्यता वाढते. घरात एक व्यक्ती अशी निघाल्यास तिच्या प्रत्येक सख्ख्या भावंडात हा गट असण्याची शक्यता साधारणपणे चारांत एक असते. तेव्हा भावंडांची तपासणी प्रथम व्हावी. जुळणारा दाता बहुधा तेथेच सापडतो. मुंबईत के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय रोगप्रतिकार-रक्तशास्त्र संस्थेत अशा दुर्मिळ गटांची निश्चिती होऊ शकते. मुरूड वा श्रीवर्धनच्या गरोदर स्त्रीचा हा गट आधीच ठाऊक असेल, तर प्रसूतीपूर्वी दात्याची अथवा साठविलेल्या रक्ताची सोय करता येते. ऐन रक्तस्रावाच्या वेळी, त्यातही मांडव्याच्या प्रवासी लाँच बंद असणाऱ्या पावसाळ्यात, मुंबईहून रक्त येईपर्यंतचे तास फार मोठे असतात.