वयाची मोजपट्टी आणि शुश्रूषा

शुश्रूषा म्हणजे वेळेवर औषध देणे, जखम बांधणे आणि अंथरूण स्वच्छ ठेवणे, असा सर्वसाधारण समज आहे. ही कामे शुश्रूषेत येतातच. परंतु त्यांच्याही आधी परिचारिकेला एक गोष्ट शिकावी लागते. समोरच्या व्यक्तीच्या वयाला काय स्वाभाविक आहे आणि काय नाही, हे ओळखण्याची ती दृष्टी होय. परिचर्येच्या शिक्षणात शुश्रूषेच्या मूलतत्त्वांबरोबर मानवाची वाढ व विकास यांचा अभ्यास जोडलेला असतो, तो याच कारणाने.

एक साधे उदाहरण घेऊ. मिनिटाला ४५ श्वास हा आकडा नवजात अर्भकाच्या बाबतीत अगदी निरोगी आहे. खोकला झालेल्या तीन वर्षांच्या मुलात हाच आकडा आढळला, तर न्यूमोनियाचा संशय घ्यावा लागतो. प्रौढ माणसाचे श्वसन मिनिटाला साधारणतः १२ ते २० असते. त्याचा श्वास ४५ वर गेला असेल, तर त्याला तातडीने रुग्णालयात हलविणेच योग्य. नाडीचेही तसेच आहे. नवजात बाळाचे हृदय मिनिटाला १२० ते १६० वेळा पडते, प्रौढाचे ६० ते १००. म्हणून केवळ मोजणे पुरेसे नाही. मोजलेला आकडा वयाशेजारी ठेवून वाचावा लागतो.

नवी मुंबईसारख्या शहरात या अभ्यासाचे महत्त्व विशेष जाणवते. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व रायगड जिल्ह्यांतील आगरी-कोळी गावांच्या जमिनीवर नवे नगर उभे राहू लागले. १९९२ साली महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला आणि त्याच वर्षी उपनगरी रेल्वे खाडी ओलांडून वाशीला आली. आरंभीच्या काळात जी तरुण कुटुंबे वाशी, नेरूळ, बेलापूर येथे राहावयास आली, त्यांतील पतिपत्नी आता वार्धक्यात आहेत. त्यांची नातवंडे त्याच घरांत वाढत आहेत. नेरूळ, कामोठे येथील परिचर्या महाविद्यालयांतून शिकणाऱ्या विद्यार्थिनींना गृहभेटीच्या वेळी एकाच छताखाली तान्हे मूल, वयात येणारी मुलगी आणि अंथरुणास खिळलेले आजोबा भेटू शकतात. तिघांनाही लागणारी काळजी वेगळी असते.

गडचिरोलीचा धडा

वय आणि आकडा यांची सांगड घालण्याचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र गडचिरोली जिल्ह्यात घडले. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तेथे ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. बालमृत्यूंमध्ये न्यूमोनियाचा वाटा मोठा होता. त्या भागात लोक त्यास ‘डबा’ म्हणत. श्वास मोजता आला तर रोग लवकर ओळखता येईल, हे स्पष्ट होते. पण गावातील सुईणींपैकी अनेकींना आकडेच मोजता येत नसत. तेव्हा एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी बसविलेली चौकट, असे साधन तयार करण्यात आले. दर दहा श्वासांमागे एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांच्या आतील बाळासाठी मण्यांची ओळ वेगळी आणि त्याहून मोठ्या मुलासाठी वेगळी. कारण न्यूमोनियाची मर्यादा दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० श्वास, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० आणि त्यानंतर पाच वर्षांपर्यंत ४० अशी मानतात. पुस्तकातील कोष्टक निरक्षर सुईणीच्या हाती असे मण्यांच्या रूपाने आले.

पुढे याच संस्थेने ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांकरवी नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला आणि ४७ गावांशी त्याची तुलना केली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेने सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्तीमार्फत राबविण्यात आलेल्या गृहभेटींमागे ही पूर्वपीठिका आहे. बाळंतपण रुग्णालयात झाले असल्यास ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी या भेटी व्हावयाच्या असतात. दिवस असे ठरविण्यात वाढीचे शास्त्र आहे, कारण पहिल्या आठवड्यात धोका सर्वाधिक असतो.

पहिले वर्ष

जन्मतः बाळाचे वजन अडीच किलोपेक्षा कमी असेल तर ते कमी वजनाचे समजतात. पहिल्या काही दिवसांत वजन थोडे उतरते व सुमारे दोन आठवड्यांत भरून येते. घरातील वडीलधाऱ्यांनी यामुळे घाबरून वरचे दूध सुरू करू नये. पाचव्या महिन्याच्या सुमारास वजन दुप्पट आणि वर्षाअखेर तिप्पट होते. उंची ५० सेंटिमीटरवरून ७५ पर्यंत जाते. नवजात बाळाला मोठ्यांसारखी हुडहुडी भरून ऊब निर्माण करता येत नाही. त्यामुळे जन्मल्याबरोबर न्हाऊ घालण्याची घाई टाळावी; बाळ कोरडे पुसून आईच्या छातीशी ठेवावे आणि तासाभरात स्तनपान सुरू करावे. गूळपाणी, मध, घुटी यांना पहिल्या सहा महिन्यांत स्थान नाही.

आपल्याकडे टाळू तेलाने भरण्याची पद्धत आहे. तेलाने हाडे जुळत नाहीत. ही मोठी टाळू साधारणतः एक ते दीड वर्षाच्या दरम्यान आपोआप भरते. परंतु तेल लावताना आजीचा हात तेथे रोज फिरतो, हे उपयोगाचे आहे. जुलाब होत असताना टाळू खोल गेलेली प्रथम तिलाच कळू शकते.

विकासाचाही क्रम ठरलेला आहे. तो डोक्याकडून पायाकडे जातो. दुसऱ्या महिन्याच्या आसपास बाळ ओळखीचे हसते, नंतर मान धरते, सहा ते आठ महिन्यांत बसते, वर्षाच्या मागेपुढे चालते. दोन मुलांत महिन्या-दोन महिन्यांचे अंतर असणे स्वाभाविकच. मात्र दीड वर्षानंतरही मूल चालत नसेल, तर ‘बापही उशिरा चालला होता’ या समाधानावर थांबू नये. अंगणवाडीतील वाढीच्या तक्त्यावरही एका ठिपक्यापेक्षा रेषेचा कल महत्त्वाचा. रेषा आडवी झाली, की मूल दिसावयास गुटगुटीत असले तरी चौकशी करावी.

पुढील वये

शाळेच्या वयात वाढ संथ असते. म्हणून या वयाकडे दुर्लक्षही अधिक होते. पुढे मुलींची उंची साधारण दहा ते बाराच्या दरम्यान झपाट्याने वाढते, मुलांची सुमारे दोन वर्षे उशिरा. सहावी-सातवीच्या वर्गात मुली उंच दिसतात, त्याचे कारण हेच. पाळी सुरू झाल्यावर लोहाची गरज वाढते. वर्गात पेंगणारी मुलगी आळशी आहे असे ठरविण्याआधी शिक्षकांनी तिच्या पापणीच्या आतील फिकटपणा पाहण्यास आरोग्य सेविकेस सांगावे. आठवड्याची निळी लोहगोळी रिकाम्या पोटी देऊ नये, एवढेही अनेक शाळांत पाळले गेले तर गोळी टाळण्याचे प्रमाण कमी होईल.

वार्धक्यात लक्षणे फसवी होतात. न्यूमोनिया असूनही ताप चढत नाही. तहान मंदावल्याने पाणी कमी पडते. जो माणूस काल नीट बोलत होता तो आज एकाएकी असंबद्ध बोलू लागतो. घरचे ‘वय झाले’ म्हणून सोडून देतात. वस्तुतः असा अचानक बदल हा वयाचा नसून बहुधा आजाराचा असतो, आणि तो बरा होऊ शकतो. अंथरुणास खिळलेल्या व्यक्तीस दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी. माकडहाड, टाचा व खुबे रोज पाहावेत. दाबूनही न जाणारी लाली दिसली, की शय्याव्रणाची सुरुवात झाली असे समजावे.

तान्ह्याजवळ जाण्यापूर्वी आणि वृद्धाची जखम धुण्यापूर्वी साबणाने हात धुणे, हा नियम मात्र कोणत्याही वयाला बदलत नाही. व्हिएन्ना येथे सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये डॉक्टरांना हात धुण्याची शिस्त लावल्यावर बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले होते.

ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीवर असलेल्या पंचायत सदस्यांनी अंगणवाडीस भेट देताना वजनकाट्यावर काहीही न ठेवता तो शून्य दाखवितो काय, हे पाहावे. आशांच्या पिशवीत चालू स्थितीतील तापमापक आणि सेकंद दाखविणारे घड्याळ आहे काय, हेही विचारावे. नसल्यास पुढील बैठकीतच त्यांची खरेदी मंजूर करावी.